डाव्या पंखाच्या चार बिजागऱ्या

६ जानेवारी

चिंगे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एका डोळ्याने वाचताना लवकर शीण येतो असं डॉक्टर म्हणाले होते. चौतीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला किती लांबून कोणतं अक्षर वाचता येतं एवढं तरी कळतं. बाकी मला काहीच कळत नाही, हे तू शेवटच्या भेटीत सांगितलंच आहेस.

मी बरा आहे. गुडघा कुरकुर करतो, पण घरात कुरकुर करायला दुसरं कोणी नाही, तेव्हा तेवढीच सोबत. तुझ्या खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही. मी तिला पुठ्ठ्याची घडी लावून ठेवली आहे.

आता मुद्द्याचं. परवा मी जावईबापूंच्या गोदामावर गेलो होतो. लिफ्टच्या बोळात दोराला लटकून काम करणारा माणूस आता खोक्यांमध्ये नट-बोल्ट लावत बसतो. ते काम त्यांनी स्वतः मागून घेतलंय. मला म्हणाले, "बारा फेब्रुवारीला अकरा वाजता कोर्टात आमच्या घटस्फोटाच्या सह्या आहेत. मग ती सुटेल." एवढं बोलून पुन्हा खोक्याकडे वळले.

चिंगे, सही करू नकोस. निदान थोडी थांब. चूक कुणाच्या हातून होत नाही? सांधा होता, सुटला. बारा तास दाबून ठेवलेला गोंदही कधी कधी दगा देतो. त्यांनी काही जाणूनबुजून केलं नाही, आणि चौदा महिने ते त्याची शिक्षा भोगताहेत. तू मनाने मोठी आहेस. माफ करून टाक.

आणखी एक. माळ्यावरून हिरवं विमान खाली काढलं. हो, तेच. मी ते जाळून टाकलं असं तुला सांगितलं होतं, ते खोटं होतं. अगदी छोटंसं खोटं. रिमोटवर विमानं उडवणाऱ्या आमच्यातल्या माणसाला मोडकं विमान टाकवत नाही. बायकांना जुन्या साड्या टाकवत नाहीत, तसंच. नाक पार चेपलंय, शेपटीची एक बाजू गेली आहे. असा चेपलेला फोम उकळत्या पाण्यात धरला की त्याचा दाणा न् दाणा पुन्हा फुगतो. पहिल्यांदा ते बघितलंस तेव्हा तू, एवढी पन्नास माणसांची बस चालवणारी बाई, पातेल्यापाशी उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्यास. वर मला म्हणाली होतीस, "म्हातारपणी लढाईला निघालात, आता निदान जखमी तरी बरे करा." त्या नाकावरून हे आठवलं. अजून पाणी तापवलेलं नाही.

उत्तर दे. नाहीतर नुसता रिकामा कागद पाठव.

बाबा


१५ जानेवारी

चिंगे,

पत्र परत आलं. पाकिटावर तुझ्या अक्षरात "नको". मी पाकिटाची कड भिंगाखाली धरून बघितली. तू उघडून पुन्हा चिकटवलं असशील अशी वेडी आशा होती. नाही उघडलंस. कागदाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, हीच माझी पंचाईत आहे.

तुझा राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. डोळ्याचा नाही. त्याबद्दल तू मला एक शब्दही बोलली नव्हतीस. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर विचारलंस, "बाबा, नक्की काय झालं?" मी सांगितलं, डाव्या पंखाची पट्टी हवेत सुटली. तू म्हणालीस, "बरं." तुझा राग तेविसाव्या दिवसाचा आहे. तुझं बँडेज निघालेलं नव्हतं, आणि मी मैदानावर जाऊन आमचं दुसरं, करडं विमान उडवलं. कप्तानाने ते तुला सांगितलं. कप्तान म्हणजे आमचा न्हावी, विमानं उडवण्यापेक्षा झाडावरून काढण्यात ज्याची अर्धी हयात गेली. त्याला वाटलं, बापाचा हात पुन्हा धरला गेला हे ऐकून तुला बरं वाटेल. "माझा डोळा गेला आणि तुम्हाला तीन आठवडे दम निघाला नाही," असं तू म्हणालीस, आणि मी खाली मान घालून चहा प्यायलो. उडवायला गेलो नव्हतो, एवढंच आज सांगतो. एक गोष्ट तपासायला गेलो होतो. कप्तान समोर उभा ठाकला, तेव्हा काहीतरी करायचं म्हणून उडवलं.

काल पुन्हा जावईबापूंकडे गेलो, या वेळी खोलीवर. एक खाट, एक नळ, भिंतीला पाठ लावून एक खुर्ची. हत्यारांची पिशवी वरच्या फळीवर, सुतळीने तोंड बांधलेली. मी खाटेवर बसलो तसे ते खुर्चीवर बसले आणि, विचारलं नसताना, त्या रविवारच्या आधी केलेली पंखाची दुरुस्ती पहिल्यापासून सांगायला लागले. जुनी कड पात्याने साफ केली. चार बिजागऱ्या घेतल्या. पंखात चार चिरा, पट्टीत चार चिरा. दोन्हीकडे फोमचा गोंद. वरून दोन पुस्तकं ठेवून बारा तास दाबलं. सकाळी ओढून बघितलं.

"काय चुकलं, बाबा?" त्यांनी विचारलं. "मी रोज आठवून बघतो. कोणती पायरी चुकली?"

मी म्हणालो, गोंद जुना असेल.

त्यांनी मान हलवली. तू मला सांगितलं होतंस ना, की हा माणूस माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही, जमिनीकडे बघणाऱ्या नवऱ्याबरोबर मी किती वर्षं जेवू? ते स्वतःच्या हातांकडेही बघत नाहीत. चहाचा कप चाचपडत उचलतात. आधी मला वाटलं त्यांची नजर अधू झाली.

चिंगे, हे पत्र तरी उघड.

बाबा


२४ जानेवारी

चिंगे,

दुसरंही परत आलं. आता "नको" सुद्धा लिहिलेलं नाही, नुसती तिरपी रेघ.

ठीक आहे. तरी लिहितो. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि ही खवखव आता घशापर्यंत आली आहे.

विमान टेबलावर आहे. नाकाला हात लावला नाही. आधी डावा पंख सोडवून घेतला. तुला आठवत नसेल म्हणून सांगतो. पंखाच्या मागच्या कडेला एक लांब पट्टी असते, ती वर-खाली हलते, त्यावर विमान डावीकडे-उजवीकडे कलतं. हीच पट्टी हवेत सुटली, असं आपण सगळे चौदा महिने म्हणतोय. पट्टी माझ्याकडे वेगळी आहे. दवाखान्याच्या दारात मी ती जावईबापूंना पुन्हा एकदा, पिशवीतून अर्धवट वर काढून दाखवली होती. पंख त्यांनी पुन्हा कधी बघितलाच नाही.

त्यांनी बसवलेल्या चारही बिजागऱ्या पंखात आहेत. घट्ट. मी चिमट्याने ओढल्या, निघत नाहीत. आणि प्रत्येकीच्या दुसऱ्या टोकाला पट्टीच्या फोमचा एक एक लचका चिकटलेला आहे. गोंदाने दगा दिला असता तर बिजागऱ्या स्वच्छ निघाल्या असत्या. इथे गोंद धरून राहिला आणि फोम फाटला. अख्ख्या विमानात एवढा मजबूत सांधा दुसरा नाही.

म्हणजे जावईबापूंची चूक नव्हती. हे तुला कळवायचं होतं.

मग पट्टी कशी गेली, असं तू विचारशील. वारा होता त्या दिवशी. झोत आला असेल, जोराचा.

वारा नव्हता. तू घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासमधून कपात चहा ओतत होतीस आणि वाफ सरळ वर जात होती. आता हा कागद फाडून दुसरा घेत नाही. खोडही घालत नाही. वाऱ्याचं वाक्य तसंच राहू दे, तुझा बाप कसा लिहितो ते तुला दिसेल.

आज एवढंच जमतंय.

बाबा


१ फेब्रुवारी

चिंगे,

अकरा दिवस उरले. तिसरंही आलंय, समोरच आहे. सांगायचं ते आता सगळं सांगतो.

आम्हा दोघांची विमानं एकाच खोक्यातली जुळी भावंडं. हिरवं माझं, करडं जावईबापूंचं. रिमोट एकच, माझा. रिमोटमध्ये प्रत्येक विमानाचा नंबर असतो. करड्याचा तीन, हिरव्याचा चार. करड्यात पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी आम्ही घाईत उलट्या तोंडाने बसवल्या होत्या. पुन्हा कोण काढणार, म्हणून तीन नंबरवर रिमोटलाच सांगून ठेवलं, की उजवं म्हटलं तर डावं पाठव. उलट्याचं उलट, म्हणजे सुलट. करडं त्यावर झकास उडायचं. पण त्याच तीनवर हिरवं उडवलं, तर उजवीकडे वळ म्हटल्यावर ते डावीकडे पडणार. आणि आमचा जुना रिमोट नंबर चुकला तर चूं करत नाही.

त्या रविवारी आधी करडं उडवलं. ते उतरवलं, हिरवं उचललं. आमच्याकडे एक रीत आहे. विमान हातात धरायचं, दांडी उजवीकडे करायची आणि बघायचं: उजवी पट्टी वर, डावी खाली. मग डावीकडे. चार सेकंदांचं काम. दुरुस्तीनंतर तर हे केल्याशिवाय विमान कुणी फेकतच नाही. छापखान्यात मी पहिला कागद डोळ्याखालून घातल्याशिवाय मशीन कधी पळवलं नाही. जे पळवायचे त्यांना मी काय काय बोलायचो ते तुला माहीत आहे, तूच कान झाकायचीस.

जावईबापू विमान डोक्यावर धरून उभे होते. म्हणाले, "बाबा, एकदा हलवून बघू या."

मी म्हणालो, "चौतीस वर्षं मशीनवर काढलीत मी. फेका."

तू बघत होतीस ना, म्हणून. तू पहिल्यांदाच मैदानावर आली होतीस, रात्रपाळीची बस लावून, न झोपता. मला ऐट दाखवायची होती. झालं एवढंच.

त्यांनी फेकलं. डावा पंख थोडा खाली गेला. मी उजवीकडे दिलं, तो आणखी खाली गेला. मी आणखी दिलं. विमान कलंडून तुझ्याकडे वळलं आणि मी "चिंगे" म्हणून ओरडलो. तू वर बघितलंस. हाक मारली नसती तर कदाचित डोक्यावर लागलं असतं.

तुला सगळ्यांनी घेरलं. जावईबापूंनी सदरा काढून तुझ्या डोळ्यावर धरला होता. कप्तान आपली गाडी आणायला पळाला. मी हातातल्या रिमोटकडे बघितलं. पडद्यावर तीन होता.

हे कागदावर उतरवायला चौदा महिने लागले, आता थांबत नाही. मी विमान उचललं आणि जावईबापूंच्या गाडीच्या मागे गेलो. डावी पट्टी जागेवर होती, चांगली हलत होती. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि उपटली. सहज निघाली नाही. गुडघ्यावर पंख दाबून दोनदा ओढावी लागली. मग ती हातात घेऊन तुमच्याकडे आलो आणि म्हणालो, "ही सुटली."

जावईबापूंनी वर बघितलं. उघडे, कोपरापर्यंत रक्त. म्हणाले, "मीच चिकटवली होती."

मी गप्प बसलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे पुष्कळ असतात. मी तर आधी अंगण वाकडं केलं.

तेविसाव्या दिवशी मी काय तपासायला गेलो होतो, ते आता तुला कळलं असेल. हिरवं मोडलेलं, म्हणून गवतावर करडं ठेवलं, रिमोटवर मुद्दाम चुकीचा चार नंबर लावला आणि दांडी हलवली. वाटत होतं, कदाचित आठवण्यात माझं काही चुकत असेल. पट्ट्या उलट्या हलल्या.

बाबा


८ फेब्रुवारी

चिंगे,

चौथं पत्र काल परत आलं. तेच, ज्यात सगळं लिहिलं होतं. खोटं कशाला बोलू, पोस्टमनच्या हातात ते पाकीट बघितल्यावर माझा जीव भांड्यात पडला. आणि मग स्वतःची एवढी शिसारी आली की दारातच बसलो. तू उघडणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणूनच मला खरं लिहिता आलं. आतापर्यंतच्या सगळ्या पत्रांचं तसंच आहे. न वाचणाऱ्या माणसापुढे कबुली द्यायला धाडस लागत नाही.

म्हणून पंख पिशवीत घातला, पट्टी घातली आणि जावईबापूंच्या खोलीवर गेलो. आधी त्यांना सांगायचं होतं. त्यांचा हक्क पहिला.

उभ्यानेच सांगितलं. नंबर, "फेका", गाडीची मागची बाजू, सगळं. मग त्यांनी पंख मागितला. खिडकीपाशी नेला आणि अंगठा बिजागऱ्यांवरून फिरवला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पुन्हा उलट, चौथीपासून पहिलीपर्यंत. पट्टी घेतली आणि तिचे चार फाटके खड्डे बिजागऱ्यांना लावून बघितले. बसले बरोबर.

मला वाटलं होतं, ओरडतील. थोबाडीत मारतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो, चष्मासुद्धा खिशात ठेवला होता.

"चौदा महिने मी एका दोराला हात लावला नाही, बाबा," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी घट्ट केलेलं काहीही सुटेल आणि आत माणसं असतील."

मी म्हणालो, मला माहीत आहे.

"तुम्हाला माहीत होतं, तेच तर म्हणतोय मी."

नळ ठिबकत होता. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. मी त्यांना म्हणालो, तुम्हीच तिला जाऊन सांगा, तुमचा फोन तरी ती घेते, चार दिवस राहिलेत. ते नाही म्हणाले.

"मी सांगितलं तर मी सुटायला बघतोय असं होईल. तिला तुम्ही सांगायचं. तिच्या तोंडावर." पंख माझ्या हातात दिला, दार उघडलं. "आणि सांगून झालं की इकडे येऊ नका."

मी जिना उतरलो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि आठवलं की चष्मा खिशातच आहे.

त्यांचं बरोबर आहे. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली, आताही तेच करायला गेलो होतो. पण तुझ्या तोंडावर सांगायचं कसं? तुझ्या दाराशी दोनदा येऊन गेलो, तू कडी काढत नाहीस. कोर्टाच्या दारात गाठलं तर तू मान वळवून आत जाशील. मी ज्या बाजूला उभा राहीन ती तुझी न दिसणारी बाजू करून जाशील, तेवढी तू माझी मुलगी आहेस.

आज आगाराबाहेर उभा राहून बघितलं. बस चालवायचा परवाना गेल्यापासून तू पासांच्या खिडकीवर बसतेस हे ऐकलं होतं, डोळ्यांनी आज बघितलं. दोन नंबरची खिडकी. समोर काच, खाली हात जाईल एवढी फट, आणि बाहेर पंचवीस-तीस माणसांची रांग. तू प्रत्येकाकडे मान वर करून बघतेस. नियम असणार. एका म्हाताऱ्याला अर्ज भरता येत नव्हता, तर तू फटीतून हात बाहेर काढून बोटाने रकाने दाखवलेस. मी खांबामागे होतो. हुंदका आला तो रुमालात दाबला, शेजारच्या बाईने मला पाणी देऊ केलं.

रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला तू परत पाठवू शकत नाहीस, चिंगे. त्याचा नंबर आला की तुला त्याच्याकडे बघावंच लागतं.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. घरी पंख टेबलावर पालथा घातलाय. खालच्या बाजूला लढाऊ विमानाची गोल चिन्हं आणि आकडे होते, ते नखाने खरवडून काढतोय. जागा स्वच्छ व्हायला हवी. पंख जेमतेम दोन हात लांब, आणि अक्षर किमान अंगठ्याच्या नखाएवढं उंच हवं, नाहीतर काचेतून तुला दिसायचं नाही. छापखान्यात असतो तर म्हणालो असतो, मजकूर निम्मा करा. तसा निम्मा करून बघितला. मग त्याच्याही निम्मा. नेहमी मी आधी जी वाक्यं लिहितो, ती सगळी गेली.

एक गोष्ट मात्र अजून कुठेच लिहिलेली नाही. या पत्रांतही नाही, जावईबापूंनाही सांगितलेली नाही. तिला जागा ठेवली आहे.

भीती वाटते. पाचावर धारण बसली आहे. आत्ता तू नुसती रागावली आहेस. रागावलेलं माणूस कधीतरी परत येतं, या आशेवर मी चौदा महिने काढले. अकरा तारखेनंतर ती आशा राहणार नाही. तरी येतो.

बाबा


११ फेब्रुवारी
डाव्या पंखावर, खालच्या बाजूने

चिंगे,

याला पाकीट नाही. परत पाठवता येणार नाही.

पट्टी हवेत सुटली नव्हती. माझा रिमोटवरचा नंबर चुकला. तुझा नवरा तपासू या म्हणाला. मी "फेका" म्हणालो.

तू रक्तात असताना मी गाडीमागे जाऊन ही पट्टी हाताने उपटली. त्याच्यावर ढकललं.

आणि हे कुणालाच माहीत नाही: विमान तुझ्याकडे वळल्यावर मोटर बंद करायची असते. डावा अंगठा खाली की विमान तिथेच पडतं, एवढंच. वेळ होता. मी केलं नाही. मी विमान वाचवत होतो.

रांगेतले वाचताहेत. वाचू दे.

उद्या काय करायचं ते तू ठरव. फक्त जी चूक त्याची नाही, तिच्यावर सही करू नकोस.

जागा संपली. फटीतून हात बाहेर काढ. बाण केलाय तिथे त्याने बसवलेल्या चार बिजागऱ्या आहेत. ओढून बघ.

निघत नाहीत.